दुसऱ्या मजल्यावरचे बूट

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि ती नाही याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. कात्रजला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं आमचं घर. त्यातल्या आतल्या खोलीत हातमाग आहे. मी तिथे बसून कापड विणतो. त्याआधी एका कारखान्यात इंजिनिअर होतो, बऱ्यापैकी वरही चढलो होतो. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा नोकरी सोडली आणि सोलापूरहून हा माग घेऊन आलो. माग जिन्यातून वर चढवताना अख्ख्या इमारतीनं मला वेड्यात काढलं होतं, ही गोष्ट मी लोकांना फार रंगवून सांगतो. सांगायचो, म्हणायला हवं.

लोक म्हणजे रविवारी येणारे लोक. कुणीतरी आमच्या घराचे फोटो मोबाइलवर टाकले आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी पाचसहा जण तरी यायचेच. बहुतेक खराडीकडची, आयटीतली तरुण मुलं. मागावरचा, आडवा धागा नेणारा धोटा हातात धरून फोटो काढायची, मग बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायची आणि हळूच विचारायची, सर, नोकरी सोडताना तुम्हाला भीती नाही वाटली? हा प्रश्न आला की मी खुलायचो. भीती कसली, म्हणायचो. गरजा कमी करा, भीती आपोआप जाते. आमच्याकडे फ्रिज नाही, टीव्ही नाही, गाडी नाही. अंगावरचं कापड माझ्या हातचं. जे करावंसं वाटलं ते केलं, कुणाच्या बापाला घाबरलो नाही. मुलं मान डोलवायची. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच, पण आपले आपल्याला कळत नाहीत.

मग हमखास यायचा तो पट्ट्याचा विनोद. तुम्ही गळ्यात ते कार्ड अडकवता ना, मी विचारायचो, तो पट्टा घालताना कधी वाटत नाही का, की आता फक्त साखळीच राहिली? मुलं हसायची. पुण्यात कुणी आपला अपमान नीट शब्दांत केला तर लोक पैसे वसूल झाल्यासारखे हसतात. माझी मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची. तीही हसायची. मी तिच्याकडे बोट दाखवायचो आणि म्हणायचो, हिच्या गळ्यात तसलं काही दिसायचं नाही.

ती संगणकशास्त्र शिकली होती. तेवढं मी चालवून घेतलं होतं. कॉलेज संपल्यावर ती वाघोलीच्या बाजूला, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेत जायला लागली, आणि मला आभाळ ठेंगणं झालं. रोज सकाळी ती मी विणलेल्या कापडाचा कुर्ता घालून, खांद्याला शबनम अडकवून, पायात साध्या चपला घालून निघायची. मी मागावर बसल्या बसल्या "ये" म्हणायचो. संध्याकाळी दमून यायची. किती मुलं आली होती, असं कधीमधी विचारायचो. होती आज बरीच, म्हणायची. आमच्या घरात कुणी कुणाचा पगार विचारायचा नाही असा माझा नियम होता. तो पाळणं मला सोपं होतं, कारण पगार आणणारी बायको होती. ती शाळेत शिकवते. तिच्या पगारावर माझा साधेपणा चालला होता, हे मला माहीत होतं आणि मी ते भाषणात एका वाक्यात कृतज्ञतापूर्वक सांगायचोदेखील. टाळ्या पडायच्या.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या मागाखाली, एक काकू राहतात. वय झालंय, एकट्याच असतात. माझ्या मागाची खटखट इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर चालू आहे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण सोडलंही नाही. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काल दुपारी आपण झोपला होतात वाटतं. मला बाई शांततेत डोळाच लागला नाही." मीही हार जाणारा नव्हतो. असं आमचं बरं चाललं होतं.

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, मुलीला सुट्टी लागली होती तेव्हा, काकूंनी मला खाली बोलावलं. आकाशकंदील लावून द्या म्हणाल्या. मी गेलो. गॅलरीतल्या हुकापर्यंत हात पोचेना, म्हणून म्हटलं स्टूल द्या. "दाराच्या मागे आहे, घ्या," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

दाराच्या मागे स्टूल होतं. स्टुलावर एक काळी लॅपटॉपची बॅग होती. खाली काळे, नीट पॉलिश केलेले बंद बूट होते, बाईमाणसाच्या मापाचे. आणि वर खिळ्याला, काकूंच्या देवाच्या कॅलेंडरशेजारी, एक निळा पट्टा लटकत होता. पट्ट्याला कार्ड. कार्डावर माझ्या मुलीचा फोटो.

फोटोत तिचे केस मोकळे होते आणि ती हसत होती. कंपनीचं नाव होतं, खराडीचा पत्ता होता. मी ते कार्ड हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. पहिली गोष्ट मनात आली ती ही, की हे दुसऱ्या कुणाचं तरी असेल. स्वतःच्या मुलीचा फोटो समोर असताना.

काकू चहा घेऊन आल्या. "दिसलं ना," म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. चहा तसाच राहिला. काकूंनी जे सांगितलं ते असं, की संस्थेत ती पहिले काही महिनेच गेली. मग तिला ही नोकरी लागली. घरी सांगायची हिंमत होईना. म्हणून ती सकाळी वरून चपला घालून उतरते, दुसऱ्या मजल्यावर थांबते, बूट घालते, बॅग घेते, कार्ड पर्समध्ये टाकते आणि जाते. येताना उलट. दोन दिवाळ्या झाल्या याला.

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"इमारतीत म्हणताय? वॉचमनला माहीत आहे, समोरच्यांना माहीत आहे. कंपनीतून दिवाळीला भेटीचा खोका मिळतो, त्यातला सुका मेवा सगळे मजले खातात. तुमच्या घरी तेवढा जात नाही."

"आणि हिला?" मी बायकोबद्दल विचारलं.

"आईला माहीत नसेल होय?"

मग मला एकदम सुचलं. "काकू, कंदील तुमचा दरवर्षी वॉचमन लावतो."

"लावतो की. यंदा तुम्हाला बोलावलं. माझं वय झालंय. आज आहे, उद्या नाही. मग त्या पोरीनं बूट कुठे ठेवायचे?"

मी चिडलो. दोन वर्षं पोटची मुलगी खोटं बोलते म्हणजे काय, असं काहीसं म्हणालो. काकूंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "ती तुम्हाला घाबरते."

"मला? मी आजवर तिच्यावर हात उगारलेला नाही."

"तुम्हाला हात कशाला लागतोय? तोंड आहे की."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी उठलो, आकाशकंदील लावला, वायर खोचली. वर जायला निघालो तेव्हा काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता वर जाऊन भाषण देऊ नका म्हणजे मिळवलं."

भाषण दिलं नाही. बायकोलाही काही बोललो नाही. पण दिवाळी संपून मुलीचं जाणं सुरू झालं, तशी मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. सकाळी ती निघाल्यावर मीही चपला न घालता हळूच मागोमाग उतरलो आणि दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर उभा राहिलो. काकूंचं दार अर्धवट उघडं होतं. आतून मुलीचा आवाज येत होता. फोनवर बोलत होती. "अरे नहीं यार, पॅनिक मत हो. काल रात्रीचा बिल्ड माझ्यामुळे नाही तुटलेला, मी लॉग बघितलाय. सरांना सांग, मी येऊन बोलते त्यांच्याशी. हो, मीच बोलते, त्यात काय?" आणि मोठ्यानं हसली.

घरी ती इतक्या मोठ्यानं हसत नाही. घरी ती एकही इंग्रजी शब्द वापरत नाही, कारण मी टोकतो. "रात्र" म्हणायला काय दुखतं, "नाइट" कशाला, असं. घरी वाक्य बोलायच्या आधी ती थोडी थांबते. मला वाटायचं मुलगी विचारी आहे. साहेबाशी मीच बोलते, त्यात काय, असं म्हणणारी ही बाई मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दर रविवारी मी ज्याचे गोडवे गात होतो, ते न घाबरणं माझ्या घरापासून एक जिना खाली रोज सकाळी बूट घालत होतं. मला फार वाईट वाटलं. आणि ती बाहेर यायच्या आत मी चोरासारखा वर पळालो.

मी ठरवलं, तिला विचारायचं नाही. पकडल्यासारखं होईल. तिनंच सांगितलं पाहिजे, आणि तिला सांगावंसं वाटेल असं घरातलं वातावरण आपण करायचं. विचार चांगला होता. करणारा माणूस चुकीचा होता.

पहिल्याच दिवशी जेवताना मी म्हणालो, "खराडीला कंपन्या फार छान झाल्यात म्हणे." मुलीचा घास हातातच राहिला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे," मी पुढे म्हणालो, "हुशार मुलं असतात हो तिथं. काही वाईट नाही त्यात." आमटी वाढून घेऊन मुलगी खाली मान घालून जेवली.

पुढच्या रविवारी लोक आले. पट्ट्याचा विनोद मी गाळला. उलट म्हणालो, तुम्ही करता ते काम काही कमी नाही, मला तर तुमचं कौतुक वाटतं. मुलं खो खो हसली. त्यांना वाटलं, हा नवीन विनोद आहे. मी म्हणालो, नाही नाही, खरंच. ती आणखी हसली. मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती. या वेळी ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता, आणि मला वाटलं, चला, काहीतरी तिच्यापर्यंत पोचतंय.

मग मी मायक्रोवेव्हचं काढलं. "आपण एक मायक्रोवेव्ह घेऊ या का?" असं बायकोला मुलीसमोर विचारलं. बायको म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी म्हटलं, अहो, काळाप्रमाणे बदलायला नको का, आता मजुरांच्या मुलांना शिकवून दमून येते बिचारी, गरम गरम खाईल. मजुरांची मुलं हे शब्द मी सहज बोललो होतो. माझ्या डोक्यात तेव्हा काही नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. पण मुलगी उठून मोरीत हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात सरळ कौतुक केलं नाही, शेजाऱ्याला "छान सदरा आहे" म्हटलं तरी शेजाऱ्यानं आरशात जाऊन बघावं कुठे फाटलाय, त्या माणसानं घरात येऊन एकाएकी खराडीची स्तुती सुरू केली. मुलीनं काय समजायचं? तिनं तेच समजलं जे कुणीही समजलं असतं. बाबांना कळलंय. बाबा आपल्याला रोज थोडं थोडं सोलतायत.

असे काही आठवडे गेले. एका रविवारी दुपारी, लोक गेल्यावर, मी मागावर बसलो होतो. तुटलेला धागा जोडत होतो. मुलगी येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. त्या खोलीला दार नाही. माग आत जाईना म्हणून मी ते तेव्हाच काढून टाकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी आता बाहेर जायचं बंद करावं म्हणतेय. तुमच्याबरोबर मागावर बसते. मला शिकवाल?"

काय झालं ते सांगायची लाज वाटते. मला आनंद झाला. पुरता, छातीत मावेना असा आनंद. ती लहान असल्यापासून मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो. मला सगळं माहीत होतं. ती हे का म्हणतेय ते समजायला डोकं लागत नव्हतं, डोळे तांबडे होते तिचे. तरीही मी म्हणालो, "शिकवीन की. त्यात काय अवघड आहे?" आणि उठून तिच्यासाठी दुसरी बैठक कुठे मावेल ते बघायला लागलो. खिडकीखालची सुताची पेटी सरकवली. ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगून येते तिथं." मी विचारलं नाही, कुठं. "हो, रीतसर सांगून ये," म्हणालो.

तो सबंध दिवस मी शीळ घालत होतो. संध्याकाळी नवीन ताण्यासाठी सूतसुद्धा काढून ठेवलं, निळं, तिला आवडतं ते.

सकाळी ती अंघोळीला गेली होती तेव्हा बायको आतल्या खोलीत आली. तिची शाळेची साडी नेसून झाली होती, डबा भरून झाला होता. तिनं ती पेटी पाहिली, निळं सूत पाहिलं.

"ती आज राजीनामा देतीये," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे. काकू मला म्हणाल्या, त्यांनीच तुम्हाला सांगितलंय म्हणून. मी वाट बघत होते तुम्ही थांबवाल."

मी म्हणालो, मी तिला एका शब्दानं विरोध केलेला नाही, उलट रोज चांगलंच बोलतोय.

"टोचताय तुम्ही तिला. गेले कितीतरी दिवस."

"मी मनापासून बोलत होतो."

"ते तिला कसं कळावं?" बायकोचा आवाज चढला नाही. तिचा कधीच चढत नाही. "तिला ते काम आवडतं हो. तिला तिथं लोक विचारतात. तिला तिच्या पैशानं एक खोली घ्यायची आहे, दाराची. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून झोपत मोठी झाली ती, तिला दार हवंय. एवढंच स्वप्न आहे तिचं. तुमच्यासारखं सांगण्यासारखं नाही, म्हणून ती सांगत नाही."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा मी घाबरले होते," ती म्हणाली. "रोज घाबरायचे. तुम्हाला नाही सांगितलं, तुमचा हिरमोड झाला असता. आता तिनंही तेच करायचं का?"

ती डबा घेऊन निघून गेली. तिला शाळेची बस गाठायची होती. मी त्या पेटीवर बसून राहिलो. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. वाटलं, अजून वेळ आहे, ती बाहेर आली की बोलू. काय बोलायचं ते जुळवायला लागलो, आणि जुळवता जुळवता लक्षात आलं, की प्रत्येक वाक्य मी रविवारच्या लोकांना सांगायचं तसं चांगलं करून घेतोय. कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, हेसुद्धा. मला स्वतःची किळस आली.

मी उठलो आणि खाली गेलो. काकूंनी दार उघडलं. मी काही न बोलता दारामागून बॅग घेतली, खिळ्यावरचा पट्टा घेतला, खाली वाकून बूट उचलले. काकू बघत राहिल्या. एरवी त्या सोडणाऱ्यातल्या नाहीत, पण त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "जिना जपून चढा." समोरचे गृहस्थ दूध घ्यायला बाहेर आले होते. त्यांनी माझ्या हातातले बूट पाहिले आणि गडबडीनं परत आत गेले.

वर आलो. बूट आमच्या दाराशी, तिच्या चपलांच्या शेजारी ठेवले. बॅग खुर्चीवर ठेवली. पट्टा कुठे ठेवावा कळेना, म्हणून हातातच धरून उभा राहिलो. तेवढ्यात ती केस पुसत बाहेर आली. मी विणलेला कुर्ता होता अंगात. तिनं आधी बॅग पाहिली. मग दारातले बूट. मग माझा हात.

ती पांढरीफटक पडली. मी मुलीला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल, लक्षात आलं नसेल.

"राजीनामा देऊ नकोस," मी म्हणालो. "ऑफिसला जा."

ती हलली नाही. टॉवेल तसाच हातात. मग अगदी हळू, माझ्या चेहऱ्याकडे नीट बघत, तिनं विचारलं, "बाबा, हा टोमणा आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. पुढे काही बोललो असतो तर ते वाकडंच ऐकू गेलं असतं. मी तो पट्टा तिच्यापुढे धरला. तिनं थोडा वेळ घेतला. मग दोन बोटांनी, गरम भांडं उचलावं तसा, तो घेतला आणि बॅगेच्या कप्प्यात टाकला. ती वाट बघत होती, हे मला दिसत होतं. वाक्याचा उरलेला भाग येईल याची. मी आत गेलो आणि मागावर बसलो, पण धोटा हातात घेतला नाही.

तिनं राजीनामा दिला नाही. त्या दिवशी ती नेहमीच्या चपलांतच गेली, बूट दाराशीच राहिले. संध्याकाळी आली तेव्हा मी विचारलं, "काम कसं आहे?" ती म्हणाली, "ठीक." आणि माझ्याकडे पाहिलं. मी "बरं" म्हणालो. आमचं बोलणं सध्या असंच असतं, दोनदोन शब्दांचं. मला सवय नाही, पण निदान त्यात काही लपवायला जागा नाही. रविवारच्या लोकांना मी येऊ नका म्हणून सांगितलंय. त्यांच्यापैकी एकानं तर दाद दिली, सर, काय जबरदस्त साधेपणा आहे. मी फोन ठेवून दिला. निळं सूत पेटीत परत ठेवलं. वाघोलीकडे तिनं एक छोटं घर बघून ठेवलंय, तिथून ऑफिस जवळ पडतं. हे तिनं आईला सांगितलं आणि आईनं मला.

पण मला सांगायचंय ते बूट वर आणले त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला आमच्याच दारातून बूट घालून जायचं होतं. मी मुद्दाम आतल्या खोलीत थांबलो. म्हटलं, आपण समोर नको, तिला मोकळं वाटू दे. तिनं बॅग खांद्याला लावली. आईला येते म्हणाली. मला येते म्हणाली. मी ये म्हणालो. दार उघडलं. बूट घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी कान देऊन बसलो, नाड्या, टाचेचा आवाज, काहीतरी. काहीच येईना. म्हणून उठून दाराशी आलो.

ती जिन्याच्या वळणावर होती. पायात काही नव्हतं. दोन्ही बूट तिनं हातात धरले होते, आणि अनवाणी, आवाज न करता, ती एकेक पायरी उतरत होती. खाली काकूंचं दार उघडलं. मग तिथून, दुसऱ्या मजल्यावरून, बुटांचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिच्या हसण्याचा.